हातांनी घडवलेले बेस आणि एका जाड तारेचा प्रश्न

वाद्यवृंदातल्या उभ्या डबल बेसची तार वरच्या खाचपट्टीपासून (नट) खालच्या घोडीपर्यंत (ब्रिज) साधारण १०५ सेंटिमीटर लांब असते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन येथून प्रिसिजन बेस हा गिटारीसारखा विद्युत बेस बाजारात आणला, तेव्हा त्यांनी ही लांबी ३४ इंचांवर, म्हणजे ८६ सेंटिमीटरांच्या आसपास आणून ठेवली. वाद्य पट्ट्याने खांद्याला अडकवून वाजवता यावे, प्रवासात सहज नेता यावे आणि फ्रेट, म्हणजे तारेखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे स्वराची जागा चुकू नये, अशा साध्या व्यावहारिक गरजा त्यामागे होत्या. लांबी घटली, तरी सर्वांत जाड तारेचा स्वर मात्र तोच राहिला: खालचा ई, सेकंदाला सुमारे ४१ कंपने. आखूड तारेतून तेवढाच खोल स्वर काढायचा, तर ती जाड करावी लागते किंवा सैल ठेवावी लागते, आणि दोन्हींची किंमत स्वराच्या स्वच्छतेत मोजावी लागते.

पुढे पाचवी तार आली आणि प्रश्न अधिकच बिकट झाला. ती खालच्या बीवर, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३१ कंपनांवर लावतात. लांबी ३४ इंचच ठेवायची आणि ताणही ईच्या तारेइतकाच ठेवायचा असेल, तर या तारेचे वजन ईच्या तारेच्या पावणेदोन पटींहून किंचित अधिक असावे लागते. इतक्या जाड तारेत ताठपणा येतो, तिचे वरचे स्वरांश मूळ स्वराशी नेमके जुळत नाहीत आणि ऐकणाऱ्याला स्वर मातकट लागतो. गेल्या पाऊणशे वर्षांत ज्यांनी बेस हातांनी घडवले, त्या सगळ्या कारागिरांनी या एका अडचणीला आपापल्या परीने तोंड दिले आहे. माझ्या घरात एकाहून अधिक बेस का आहेत, याचे खरे कारण हेच आहे. एकाच प्रश्नाची निरनिराळ्या माणसांनी दिलेली उत्तरे मला शेजारी शेजारी ठेवून, हातात घेऊन, वाजवून पाहायची असतात.

वेगवेगळ्या आवाजांसाठी वेगवेगळे बेस लागतात, हे कारण संग्राहक नेहमी पुढे करतात. मला ते फारसे पटत नाही. ड्रम, कीबोर्ड आणि गायक यांच्या जोडीने बेस वाजू लागला, की तो ॲशच्या लाकडाचा आहे की महोगनीचा, हे श्रोत्याला क्वचितच कळते, आणि कळण्याची आवश्यकताही नसते. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत १९६०च्या दशकात जेम्स जेमर्सन यांनी जे वाजवले, त्याच्यावर आजही जगभरचे बेसवादक शिकतात. त्यांचे बरेचसे काम १९६२च्या एकाच प्रिसिजन बेसवर झाले, तारा फ्लॅटवूंड, म्हणजे चपट्या वेढ्यांच्या, आणि त्याही तुटल्याशिवाय सहसा न बदललेल्या, आणि उजव्या हाताचे बोट एकच, तर्जनी. तो बेस कारखान्यातल्या शेकडो बेसपैकी एक होता. वादकाला एक चांगला बेस पुरतो, हे यावरून सिद्ध होते आणि मला ते पूर्णपणे मान्य आहे. संग्रहाची ओढ वादनाच्या गरजेपेक्षा वेगळी असते. ती घडणीची ओढ असते, आणि तिला वादनाच्या गरजेचा आधार शोधत बसण्याचे काही कारण नाही.

कारखान्यातला बेस आणि हातांनी घडवलेला बेस यांत दर्जाचाच फरक असतो, असेही मी म्हणणार नाही. यंत्रावर कापलेला नेक, म्हणजे वाद्याची लांब मान, अनेकदा हाताने कापलेल्या नेकपेक्षा अधिक काटेकोर असतो, आणि आज बहुतेक कार्यशाळांमध्येही संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र असतेच. फरक निर्णयांचा आहे. कारखान्यात एक निर्णय घेऊन तो हजारो वेळा अमलात आणला जातो. कार्यशाळेत मात्र समोर आलेला मेपलचा तुकडा किती जड आहे, त्याचे रेषे सरळ आहेत की तिरके, त्यावर बोटाने ठोकले तर तो खणखणतो की दबका वाजतो, हे पाहून त्या एका तुकड्यापुरता निर्णय घेतला जातो. तो निर्णय पुढची कित्येक वर्षे वाद्यात राहतो आणि वाजवणाऱ्याला जाणवतो.

या परंपरेचा आरंभ कॅलिफोर्नियातच सापडतो. ग्रेटफुल डेड या बँडच्या वाद्यांच्या आणि ध्वनियंत्रणेच्या कामातून १९६९ साली ॲलेम्बिक ही कार्यशाळा उभी राहिली. रॉन विकरशॅम इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार, सुसान विकरशॅम कलाकार आणि रिक टर्नर लाकडात रमणारे कारागीर. बेस कसा असावा, याचा विचार त्यांनी मुळापासून केला. नेक वेगळा घडवून स्क्रूने बॉडीला जोडण्याऐवजी त्यांनी तो बॉडीच्या शेवटापर्यंत अखंड नेला आणि बॉडीचे दोन भाग त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवले. हा नेक एकाच फळीचा नव्हता. मेपल आणि इतर कठीण लाकडांच्या उभ्या पट्ट्या जोडून तो तयार केलेला असे, त्यामुळे तो सहजासहजी पिळवटत नसे. ब्रिजखाली त्यांनी पितळेचा जड ठोकळा बसवला. तारांची कंपने टिपणारे पिकअप मुद्दाम कमी इम्पिडन्सचे, म्हणजे कमी विद्युत रोधाचे, ठेवले आणि त्यांच्या क्षीण सिग्नलला बळ देण्यासाठी बॉडीतच बॅटरीवर चालणारा प्रीअँप बसवला. आज ज्याला सर्रास ॲक्टिव्ह बेस म्हणतात, त्याचा पाया तिथे घातला गेला. त्यांचा पहिला बेस जेफरसन एअरप्लेनचे जॅक कॅसडी यांच्यासाठी होता. पुढे स्टॅन्ली क्लार्क यांनी ॲलेम्बिक हाती घेतला आणि एकल वादनाचे वाद्य म्हणून बेसचे नाव झाले. विशेष म्हणजे क्लार्क यांच्या बेसची लांबी ३४ इंचांहूनही कमी, पावणेएकतीस इंचांची आहे. लांबी घटवूनही स्वर इतका स्वच्छ राहू शकतो, याचे श्रेय त्या जोडीव नेकला आणि त्या प्रीअँपला जाते.

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो मात्र ब्रुकलिनचा. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या त्या भागात जे घडले, तसे बेसच्या इतिहासात इतक्या कमी जागेत दुसरीकडे कुठेच घडलेले नाही. लाकूडकाम करणाऱ्यांच्या एका सहकारी कार्यशाळेत स्टुअर्ट स्पेक्टर बेस घडवत होते आणि त्याच छपराखाली नेड स्टाइनबर्गर फर्निचरची रचना करत होते. स्टाइनबर्गर यांनी स्पेक्टर यांच्यासाठी पोटाच्या वळणाला बिलगणारी, मागून किंचित खोलगट बॉडी आखली. त्यानंतर त्यांनी लाकडाचाच त्याग केला. १९८०च्या सुमारास आलेला त्यांचा बेस कार्बन आणि काच यांच्या तंतूंनी बळकट केलेल्या इपॉक्सीचा होता, त्याला किल्ल्या बसवायचा नेकचा वरचा भाग, म्हणजे हेडस्टॉक, नव्हताच आणि ट्यूनिंगच्या किल्ल्या ब्रिजकडे गेल्या होत्या. जाड तारेला ताठ नेक हवा, तर ज्यात ताठपणा उपजतच आहे असा पदार्थ घ्यावा, असा तो सरळ विचार होता.

त्याच ब्रुकलिनमध्ये कार्ल थॉम्पसन यांच्याकडे अँथनी जॅक्सन नावाचे तरुण वादक सहा तारांचा बेस मागायला गेले. खाली बी आणि वर सी अशा दोन तारा वाढवायच्या, अशी त्यांची मागणी होती. तो बेस १९७५ साली तयार झाला. जॅक्सन त्यावर थांबले नाहीत. पुढची कित्येक वर्षे ते एकामागून एक कारागिरांकडे आपली अपेक्षा घेऊन जात राहिले आणि अखेर फोडेराकडे स्थिरावले. विनी फोडेरा यांनी आधी स्पेक्टर यांच्या कार्यशाळेत हात तयार केला होता. १९८३ मध्ये जोई लॉरिचेला यांच्या साथीने त्यांनी ब्रुकलिनमध्येच स्वतःची कार्यशाळा काढली. व्हिक्टर वूटेन यांच्या हातात आपण जो बेस पाहतो, तो त्या कार्यशाळेच्या अगदी सुरुवातीच्या बेसपैकी आहे. जॅक्सन यांच्यासाठी फोडेरा यांनी लांबी ३६ इंचांवर नेली आणि बॉडीचा वरचा खांदा नेकच्या बाजूने पुढपर्यंत सलग वाढवला, म्हणजे नेकचा अधिक भाग बॉडीला घट्ट धरून राहतो.

ही दोन इंचांची वाढ कागदावर किरकोळ वाटते. हिशेब केला, तर तीच तार त्याच स्वरावर ३६ इंचांत लावल्यास तिचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो आणि बीच्या तारेला जो भरीवपणा येतो, तो कोणत्याही ॲम्प्लिफायरच्या बटणाने आणता येत नाही. याची भरपाई डाव्या हाताला करावी लागते. नट आणि पहिला फ्रेट यांच्यातले अंतर सुमारे तीन मिलिमीटरांनी वाढते, आणि माझ्यासारख्या लहान पंजाच्या बाईला खालच्या फ्रेटवर चार बोटे पसरताना त्यातला प्रत्येक मिलिमीटर जाणवतो.

इंग्लंडमधले वॉल बेस हा आणखी वेगळा विचार आहे. इयन वॉलर आणि पीट स्टीव्हन्स यांनी प्रत्येक तारेखाली स्वतंत्र कॉइल ठेवल्या आणि स्वराचे वरचे अंश हवे तिथे कापणारे फिल्टर दिले. तारेच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी लांबीत शोधले नाही, तर ती ऐकण्याच्या पद्धतीत शोधले. वॉल माझ्याकडे नाही. तो एकदा मित्राच्या घरी मनसोक्त वाजवला आहे, आणि तो गोळा होऊन बोलणारा नाकातला सूर अजून कानात आहे.

माझ्याकडच्या बेसची गोष्ट याहून साधी आहे. पहिला कारखान्यातला जॅझ बेस, स्क्रूने जोडलेल्या एकसंध मेपलच्या नेकचा. दुसरा न्यूयॉर्कच्या कार्यशाळेत घडलेला पाच तारांचा नेक-थ्रू, म्हणजे ॲलेम्बिकसारखा नेक बॉडीतून आरपार गेलेला, जो मी जुना विकत घेतला. तिसरा बेंगळुरूच्या एका कारागिराकडून मापे देऊन करून घेतलेला फ्रेटलेस. त्यांच्या जोडीला ३० इंचांचा एक पोकळ बॉडीचा बेस आहे, व्हायोलिनच्या आकाराच्या त्या प्रसिद्ध जर्मन बेसच्या जातकुळीतला. हे सगळे एकाच खोलीत भिंतीवर टांगलेले असतात, आणि त्यांच्यातला फरक मला जितका पुण्याच्या पावसाळ्याने शिकवला, तितका कोणत्याही मासिकाने शिकवला नाही.

जून सरता सरता हवेतला ओलावा वाढतो आणि लाकूड तो पिऊ लागते. चार तारांचा मिळून ७० ते ८० किलोंच्या आसपासचा ताण नेकला सतत पुढे ओढत असतो, आणि आतली पोलादी ट्रस रॉड त्याला मागे धरून ठेवते. ओलाव्याने हा समतोल हलतो. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट उरते ते पाहायचे, ही माझी तपासणी. तिथून व्हिजिटिंग कार्ड हलकेच सरकावे, एवढी फट मला हवी असते. जुलैत जॅझ बेसवर तेच कार्ड चांगलेच सैल पडते, तार बोटाला उंच लागते आणि एलन की घेऊन रॉड पाव फेरा आवळावी लागते. सप्टेंबर उलटल्यावर हवा कोरडी होते आणि तोच पाव फेरा परत सोडावा लागतो. त्याच भिंतीवरचा, पाच पट्ट्या जोडून केलेल्या नेकचा न्यूयॉर्कचा बेस मात्र या काळात जवळपास जागचा हलत नाही. लगतच्या पट्ट्यांचे रेषे वेगवेगळ्या दिशांनी ठेवले, की एकीची ओढ दुसरी अडवते, हे मी वाचले होते. ते तर्जनीच्या टोकाला कळण्यासाठी दोन्ही बेस एकाच घरात, एकाच पावसात असावे लागले.

तसाच दुसरा धडा मुक्या जागांचा. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या बहुतेक बेसवर जीच्या तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा स्वर असा असतो, की तो छेडल्याबरोबर विझतो. तारेची कंपने नेक आणि हेडस्टॉकच्या स्वतःच्या कंपनांशी जुळतात आणि नेक तारेची ऊर्जा शोषून घेतो. माझ्या जॅझ बेसवर ती जागा पाचव्या फ्रेटवर आहे. सुताराकडचा छोटा शिकंजा कापडात गुंडाळून हेडस्टॉकला आवळला, की हेडस्टॉकचे वजन वाढते आणि मुकी जागा तिथून सरकते, तोच सी बराच वेळ गुंजत राहतो. हा प्रयोग प्रत्येक बेसवाल्याने एकदा तरी करून पाहावा. स्टाइनबर्गर यांनी हेडस्टॉक का कापून टाकला असेल, त्याचे एक उत्तर त्या शिकंज्यात सापडते.

फ्रेटलेसचा विषय निघाला, की मिरजेचे नाव माझ्या तोंडी येतेच. फ्रेटलेस बेसच्या स्वरात जो उमलता गुंजार ऐकू येतो, तो तार नेकवरच्या लाकडी पट्टीला, म्हणजे फिंगरबोर्डला, अगदी कमी कोनातून पुन्हा पुन्हा स्पर्श करते म्हणून. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना मिरजेचे कारागीर हाच स्पर्श साधत असतात, तो घोडीच्या बाजूला आणि हा बोटाच्या बाजूला, एवढाच फरक. जाको पॅस्टोरियस यांनी आपल्या १९६२च्या जॅझ बेसवर फ्रेट नसलेल्या फिंगरबोर्डला इपॉक्सीचा कडक थर चढवला, तेव्हा त्यांना हाच गुंजार अधिक लखलखीत करायचा होता. माझा फ्रेटलेस घडवताना बेंगळुरूच्या कारागिराने फिंगरबोर्ड किती सपाट ठेवावा, याविषयी मला बारकाईने विचारले. मी त्याला मिरजेच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ऐकवली. त्याने आणखी काही न विचारता फिंगरबोर्डच्या मधल्या भागाचा खोलगटपणा अगदी थोडासा वाढवला, आणि खालच्या ईवर बोट सरकवले की आज ती मेहनत ऐकू येते. गायकांच्या घरी तंबोऱ्याच्या जोड्या असतात, पुरुषी आणि बायकी मापाचे तंबोरे वेगळे असतात, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. अनेक वाद्ये बाळगण्याची रीत आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे.

त्या फ्रेटलेसचा फिंगरबोर्ड शिसवीचा आहे. डोंगरातली आपली ही शिसव, जिचे पलंग आणि कपाटे जुन्या वाड्यांमधून अजूनही दिसतात, ती जगभरच्या गिटारींच्या फिंगरबोर्डवर आहे. भारतातून तिच्या कापलेल्या पट्ट्या परदेशी जातात. जानेवारी २०१७ पासून वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारान्वये शिसवीच्या जवळपास संपूर्ण कुळावर निर्बंध आले. त्यात तयार वाद्येही सापडली आणि सीमेपलीकडे जुना बेस विकायचा, तरी कागदपत्रे लागू लागली. फेंडरने मेक्सिकोत तयार होणाऱ्या बेससाठी त्या काळात पाऊ फेरो नावाचे लाकूड घेतले. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. मला हे निर्बंध अन्यायाचे वाटले नाहीत. शिसव वाढायला पिढ्या जातात, आणि ज्याला तिचा फिंगरबोर्ड हवा आहे, त्याने तिच्या जंगलाची काळजी केलीच पाहिजे. म्हणूनच लाकूड कुठून आले, हे न सांगणाऱ्या कारागिराकडून मी काही घेत नाही.

संग्रहाची एक जबाबदारी असते आणि ती पैशांपेक्षा मोठी आहे. बेस वाजता ठेवावा लागतो. बंद पेटीत राहिलेल्या बेसच्या तारा गंजतात, पोटेन्शिओमीटर खरखरतात, ॲक्टिव्ह बेसमधली विसरलेली बॅटरी गळून सर्किट खाते. द हू या बँडचे जॉन एंटविसल २००२ साली गेले, आणि आयुष्यभर हौसेने जमवलेल्या त्यांच्या बेस आणि गिटारींचा पुढच्याच वर्षी लंडनमध्ये सदबीजकडून लिलाव झाला. त्यातून ती वाद्ये नव्या हातांत गेली, हे मला चांगलेच वाटते. माझ्याकडचे बेसही शहरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींकडे आळीपाळीने जात असतात. पाच तारांचा एखादा चांगला बेस विकत घेणे त्यांच्यातल्या बहुतेकांना परवडण्याजोगे नसते, आणि खालची बीची तार स्वच्छ वाजू शकते, हे एकदा ऐकल्याशिवाय तिचा ध्यास लागत नाही.

सध्या माझी बेंगळुरूशी पुन्हा बोलणी चालू आहेत, आणि या वेळी विषय तिरप्या फ्रेटचा आहे. राल्फ नोवाक यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस या कल्पनेला अमेरिकेत चालना दिली आणि कॅनडातल्या शेल्डन डिंगवॉल यांनी ती बेसवर रूढ केली. त्यांच्या बेसवर बीची तार ३७ इंचांची असते आणि जीची ३४. फ्रेट पंख्यासारखे पसरत जातात, म्हणजे जाड तारेला तिची लांबी मिळते आणि बारीक तारेचा गोडवाही टिकतो. माझ्या पंजाला ३७ झेपणार नाहीत, म्हणून आम्ही ३५ ते ३३ असा बेत करतो आहोत. कारागिराचे म्हणणे, ३५ने बीला पुरेसा फायदा होणार नाही, निदान साडेपस्तीस तरी ठेवा. त्याने प्लायवूडवर दोन्ही मापांचे फ्रेट आखून, कापून पाठवले आहेत, आणि सरळ राहणारा फ्रेट सातवा ठेवायचा की नववा, यावर आमचे अजून एकमत व्हायचे आहे. नेक मात्र ठरला आहे: पाच पट्ट्यांचा, मेपल आणि शिसव.